टर्फ बूट: जांभ्याच्या मैदानावर बचावपटूसाठी कितपत चांगले?

कोकणात फुटबॉलमधल्या बचावपटूचा पहिला जोड टर्फ सोलचाच असावा. दुकानात मात्र आधी पुढे केले जातात ते लांब स्टडचे (तळाला खुंट्या असलेले), एफजी म्हणजे ‘फर्म ग्राउंड’ म्हणतात ते. दिसायला झकास, पण ते स्टड रुततील अशा गवताच्या मैदानासाठी बनलेले असतात. पावसाळा सरला की जांभ्याचं मैदान इतकं टणक होतं की स्टड आत रुततच नाहीत. सगळं वजन दहा-बारा टोकांवर येतं, टाच ठणकते आणि चवड्याजवळ बूट वाकतो नेमका तिथे सोल तडकतो.

टर्फ बुटाच्या तळाला आखूड रबरी दाण्यांची दाटी असते, त्यामुळे वजन पूर्ण तळव्यावर पसरतं. बचावपटूचं अर्धं काम म्हणजे फॉरवर्डसमोर तिरकं उभं राहून मागे सरकणं आणि त्याने कट मारताच वळणं. या वळणात पाय जमिनीत अडकता कामा नये, नाहीतर धड फिरतं आणि गुडघा जागच्या जागी राहतो. बारीक खडीवर टर्फ सोल किंचित सरकतो. तो दोष धरू नका, गुडघ्यासाठी ते बरंच आहे.

खरा दोष नाकाशी आहे. स्वस्त जोडांचा सोल नुसता चिकटवलेला असतो. चार-सहा स्लाइड टॅकल (जमिनीवर घसरत चेंडू काढणं) झाले की पुढचं तोंड उघडतं. म्हणून नवा जोड मैदानात नेण्याआधी मोच्याकडून नायलॉन दोऱ्याने चौफेर शिलाई मारून घ्या. तोंड उघडल्यावर उशीर झालेला असतो, कारण आत लाल धूळ बसली की सोल्युशन धरत नाही.

माप संध्याकाळी, फुटबॉलचे मोजे घालूनच बघा. अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाची जागा पुरे. चवड्यावर उभं राहिल्यावर टाच निसटली तर अर्धा नंबर कमी घ्या.

जून ते सप्टेंबर मात्र हा बूट कामाचा नाही. दाण्यांमध्ये चिखल भरला की तळ सपाट होतो आणि हेडरला उडी घेतानाच पाय सटकतो. तेव्हा गोल स्टडचे एफजी काढा. म्हणजे जोड दोन लागतात, आणि त्याला खरंच इलाज नाही. भारतीय बचावपटू संदेश झिंगनची कारकीर्द बघा: सिक्कीमपासून सुरुवात, मग केरळ, लोनवर स्पोर्टिंग गोवा आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पुढे कोलकाता, क्रोएशियातलं शिबेनिक, बंगळुरू आणि 2023 मध्ये एफसी गोवा. क्लब बदलला की पायाखालची जमीन बदलते. आपल्याकडे तर गाव न सोडता फक्त ऋतू पालटला तरी ती बदलते. धातूच्या टोकांचे सहा स्टडवाले बूट इथे घेऊच नयेत. जांभ्यावर टोकं झिजून धारदार होतात, आणि असे बूट धोकादायक दिसले तर रेफरी ते बदलायला लावतो.

खेळून आल्यावर आतला पॅड बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने ते बदला. वाळवायचे ते सावलीत. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले तर गोंद सैल पडतो. सुकलेली माती जुन्या टूथब्रशने झाडा. किनाऱ्यावर सराव झाला असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. लेसच्या भोकांना धातूच्या कड्या असतील तर मीठ आधी त्याच खातं.