दोन माणसं, सात व्हीएम: प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, नऊ महिन्यांनंतर

आमचं महाविद्यालय गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आहे. संगणक विभागात माणसं दोन: मी आणि एक सहकारी, तोही अर्धा वेळ प्रयोगशाळेत. वर्गातला प्रोजेक्टर लागत नाही इथपासून प्रवेशाच्या पोर्टलपर्यंत सगळं आमच्याच गळ्यात. गेल्या नोव्हेंबरात आम्ही प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, म्हणजे सर्व्हरच्या प्रती काढून ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवला. आता जुलै संपत आलाय. आमच्यासारख्याच लहान विभागात कुणी याचा विचार करत असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आमच्याकडे रात्री चालणारी एक स्क्रिप्ट आणि यूएसबीची एक हार्ड डिस्क होती. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि यूपीएससकट सर्व्हरच्या दोन डिस्क गेल्या. बॅकअपची डिस्क लावून पाहिली तर शेवटची पूर्ण प्रत जानेवारीची. डिस्क कधीच भरली होती. स्क्रिप्ट रोज सुरू व्हायची आणि रोज अर्ध्यावर थांबायची. अख्ख्या सत्राचे आयएसएचे (सत्रांतर्गत परीक्षांचे) गुण गेले. शिक्षकांनी रजिस्टरं काढून ते पुन्हा भरले. एका मॅडमचं रजिस्टर मिळालं नाही, त्यांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडून प्रत्येक पेपराची बेरीज परत केली. मला कुणी शब्दानं बोललं नाही, पण त्या आठवड्यात परीक्षा विभागातले दिवे रात्री नऊपर्यंत जळत होते. ते मी विसरलेलो नाही.

म्हणून नवीन काही घेताना मी एकच गोष्ट धरून बसलो: आम्ही दोघंही जागेवर नसू तेव्हा तिसऱ्या माणसाला यातून फाइल काढता आली पाहिजे.

आमचे सर्व्हर आधीपासून प्रॉक्समॉक्सवरच व्हीएम (एकाच यंत्रात चालणारी आभासी यंत्रं) म्हणून चालतात. मूडल (ऑनलाइन शिकवण्याचं), ग्रंथालयाचं कोहा, फाइल सर्व्हर, संकेतस्थळ वगैरे मिळून सात, डेटा साधारण 2.4 टीबी. बॅकअपसाठी एक जुना टॉवर, त्यात 4 टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं आहे, त्यामुळे परवान्याचा खर्च शून्य. वार्षिक सबस्क्रिप्शन न घेता वापरलं तर लॉगिन करताना दर वेळी सूचना येते, तेवढंच.

पहिला बॅकअप शनिवार-रविवार दोन्ही दिवस चालला. त्यानंतर रोजचं काम चाळीस मिनिटांत उरकतं. व्हीएमची डिस्क 4 एमबीच्या तुकड्यांत कापली जाते, आणि तोच तुकडा आधीपासून असेल तर तो पुन्हा साठवला जात नाही. शिवाय व्हीएम चालू असताना कुठले भाग बदलले याची नोंद ठेवली जाते आणि रात्री तेवढेच वाचले जातात. व्हीएम बंद झाली की ती नोंद पुसते. त्यामुळे वीज जाऊन सगळं बंद पडलं की पुढच्या रात्री सगळी डिस्क नव्यानं वाचली जाते आणि पाच-पाच तास लागतात. पावसाळ्यात हे वारंवार होतं. पहिल्यांदा मी घाबरून मध्येच थांबवलं होतं. तसं करू नका, चालू द्या.

चौदा दिवसांच्या, आठ आठवड्यांच्या, बारा महिन्यांच्या आणि पाच वर्षांच्या प्रती ठेवायच्या असं आम्ही ठरवलं. पाच वर्षं नॅकमुळे (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था). मूल्यांकनात मागच्या पाच वर्षांचे पुरावे मागतात, आणि आयक्यूएसीचं (अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं) फोल्डर म्हणजे संस्थेची स्मरणशक्तीच आहे.

याच फोल्डरनं मार्चमध्ये अडचणीत आणलं. कार्यक्रमांचे व्हिडिओ एकदम ओतले गेले आणि साठा 93 टक्क्यांवर गेला. मी जुन्या प्रती प्रून केल्या, म्हणजे छाटल्या, आकडा हलेना. आणखी केल्या, तरी तोच. मग वाचल्यावर कळलं की प्रून फक्त यादीतून नाव काढतं. जागा मोकळी होते ती गार्बेज कलेक्शन (बिनकामाचे तुकडे पुसणारं काम) चालल्यावर, आणि तेही गेल्या 24 तास 5 मिनिटांत हात लागलेले तुकडे सोडून देतं. म्हणजे आज पुसलं तर जागा उद्याच्या पुढे. यात धोका नाही, उलट चालू बॅकअपचे तुकडे चुकून पुसले जाऊ नयेत म्हणूनच ही सोय आहे. पण 93 टक्के बघत बसलेल्या माणसाला हे आधी माहीत असायला हवं. आमच्या साध्या फिरत्या डिस्कवर हे काम अकरा तास घेतं. पैसे असतील तर एसएसडी घ्या. आणि साठा 80 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

दुसरी प्रत मडगावात, आमच्याच संस्थेच्या शाळेत आहे. एवढा डेटा इंटरनेटवरून पाठवायचा तर आठवडे लागले असते, म्हणून ते यंत्र आधी फोंड्यात आणून आमच्या स्विचला जोडलं, भरलं, आणि मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून मडगावला नेलं. आता रोज फक्त बदल जातात. ते यंत्र स्वतः येऊन डेटा ओढून नेतं. आमच्या सर्व्हरकडे त्याचा पासवर्डच नाही. उद्या रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आत शिरलं तरी फोंड्याहून मडगावची प्रत पुसता येणार नाही. इकडे पुसलेलं तिकडेही पुसायचा एक पर्याय आहे, तो मुद्दाम बंद ठेवलाय. 2021 च्या डिसेंबरात क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्याच स्क्रिप्टमधल्या चुकीनं सुमारे 77 टीबी संशोधन पुसलं गेलं, चौदा संशोधन गटांचं, आणि त्यातल्या चार गटांचं परत मिळालंच नाही. तिथे मनुष्यबळाची आमच्यासारखी वानवा नसणार. पुसण्याचा अधिकार जितक्या कमी हातांत, तितकं बरं.

पण ओढून नेण्याच्या या पद्धतीत एक खोच आहे, ती आम्हाला एप्रिलमध्ये कळली. काम मडगावचं यंत्र करतं, त्यामुळे तेच बंद पडलं तर तक्रारीचा मेल पाठवायला कुणी उरत नाही. शाळेत कुणीतरी पंख्यासाठी प्लग काढला होता आणि अकरा दिवस आम्हाला पत्ता नव्हता. आता तिथले शिपाई काका दर सोमवारी हिरव्या दिव्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. एकही सोमवार चुकलेला नाही.

तिसरी प्रत काढता येणाऱ्या डिस्कवर, महिन्यातून एकदा. ही सोय 3.3 आवृत्तीपासून आली. डिस्क लेखा विभागाच्या तिजोरीत असते, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, कारण आमच्याकडच्या दमट हवेत कनेक्टरवर हिरवट थर चढतो. तिच्याच शेजारी लॅमिनेट केलेला एक कागद आहे. सगळा बॅकअप एन्क्रिप्ट केलेला आहे आणि तो उघडायची किल्ली क्यूआर कोडसकट कागदावर छापून घेता येते, तोच हा कागद. किल्ली फक्त जळालेल्या सर्व्हरवर असेल तर तिन्ही प्रती असून नसल्यासारख्या. बाकी काही नाही केलं तरी हा कागद छापा.

आता रिस्टोअर. डिसेंबरात ग्रंथालयातल्या सहायक बाईंना बसवून पहिली तालीम केली. मी मराठीत दोन पानी कागद लिहिला होता. त्यांनी कोहाची व्हीएम नव्या क्रमांकानं परत आणली आणि सुरू केली, आणि खाली ग्रंथालयात चालू कोहा अडखळायला लागलं. एकाच आयपीच्या दोन मशीन एकाच वेळी जाळ्यावर आल्या होत्या. चूक माझ्या कागदाची. आता त्यात ठळक लिहिलंय: सुरू करण्याआधी नेटवर्क कार्ड तोडा आणि रिस्टोअर करताना 'युनिक'वर (नव्या मशीनला वेगळी ओळख देणाऱ्या पर्यायावर) खूण करा. दुसऱ्या तालमीत त्यांना 38 मिनिटं लागली. कागदाच्या शेवटी हेही आहे की रॅन्समवेअरची शंका आली तर काही पुसायचं नाही, आणि सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) 2022 च्या निर्देशांप्रमाणे त्यांना 6 तासांत कळवायचं.

जूनमध्ये मी वाळपईच्या पुढे एका लग्नाला गेलो होतो, फोनला रेंज नव्हती. परीक्षा विभागात आयएसएच्या एकत्रित तक्त्यावर कुणीतरी रिकामी फाइल सेव्ह केली. संध्याकाळी रेंज आली तेव्हा सात मिस्ड कॉल आणि शेवटी बाईंचा एक मेसेज: "सर, तुमचा फोन लागेना म्हणून कागद काढला. कालची फाइल दिली त्यांना. बरोबर आहे ना?" बरोबर होती. ब्राउझरमध्ये आदल्या रात्रीचा बॅकअप उघडून, फोल्डरमधून ती एकच फाइल त्यांनी उतरवून घेतली होती. सर्व्हरला हात लावायचीही गरज पडली नाही. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तो मेसेज पुन्हा वाचला.

उणिवाही सांगतो. विंडोजच्या साध्या संगणकासाठी अधिकृत क्लायंट नाही. लेखा विभागाचं टॅली अशाच संगणकावर आहे, म्हणून त्याचा स्वतःचा बॅकअप आम्ही फाइल सर्व्हरवर पाठवतो आणि मग तो यात येतो. डेटाबेस चालू असताना व्हीएमची प्रत घेतली तर ती अर्धवट अवस्थेत पकडली जाऊ शकते. गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) बसवा आणि बॅकअपच्या आधी डेटाबेसचा डंपही, म्हणजे त्यातल्या डेटाची वेगळी फाइल, काढून ठेवा. मूडलला हे विशेष लागू.

आमचे मेल आणि ड्राइव्ह गूगलकडे आहेत, ते यात अजिबात येत नाहीत. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस राहते, ट्रॅश रिकामा झाल्यावर ॲडमिनला आणखी 25 दिवस मिळतात. काढून टाकलेलं खातं परत आणायला 20 दिवस. निवृत्त होणाऱ्या शिक्षकांची खाती बंद करताना हे आकडे समोर ठेवा. आमच्याकडे एका विभागप्रमुखांचा वीस वर्षांचा प्रश्नसंच असाच जाता जाता वाचला.

चवथीच्या सुट्टीआधी मूडलची पूर्ण तालीम करायची आहे, यावेळी मडगावच्या प्रतीवरून आणि परीक्षा विभागातल्या कारकुनाच्या हातून. एसएसडीचा प्रस्ताव प्राचार्यांच्या टेबलावर आहे.