इग्वाना नर की मादी? ठाण्यातल्या दवाखान्याचा अनुभव

दुकानदाराने इग्वाना या मोठ्या सरड्याचं पिल्लू विकताना 'नरच आहे, गॅरंटी' असं ठासून सांगितलं होतं. एवढ्याशा पिल्लाकडे बाहेरून बघून कुणालाच नर-मादी सांगता येत नाही, हे इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं. मोठं होऊ द्या, मग बघू, म्हणाल्या. उगाच तपासण्या लावून बिल फुगवलं नाही, तिथेच मला त्या पटल्या.

आता शंभू तीन वर्षांचा. टॉवेलात गुंडाळून उताणा धरला आणि मांडीच्या आतली छिद्रांची रांग त्यांनी मला भिंगातून दाखवली. वयात आलेल्या नराची छिद्रं मोठी, त्यांतून मेणासारखे खुंट बाहेर आलेले असतात. आमच्याकडे नुसते टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटेही नाहीत. गाल, गळ्याची झालर, पाठीवरचे काटे, सगळंच बेताचं. झालं, शंभूची शांभवी झाली! (आई अजूनही 'शंभ्या'च म्हणते.)

खरा फायदा पुढच्या सल्ल्याचा. नर नसला तरी मादी अंडी धरते, आणि ती पोटात अडकली तर जिवावर बेतते. म्हणून खणता येईल अशी ओलसर मातीची खोल पेटी, कॅल्शियम आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा हे त्यांनी कागदावर लिहूनच दिलं.

अपॉइंटमेंट असूनही तासभर बसवतात, तेही भुंकणाऱ्या कुत्र्यांसमोर. सरपटणाऱ्यांसाठी वेगळा कोपरा हवाच. पार्किंगचं तर नावच काढू नका, रिक्षाने जा.