काळी बिअर आणि नागपूरचा फ्रिज

एका क्राफ्ट ब्रुअरीची डुंकेल, म्हणजे म्युनिकच्या पद्धतीची काळी लागर (थंडीत मुरवलेली बिअर), ऑक्टोबरपासून पितोय. पहिली बाटली अर्धी सिंकमध्ये ओतली होती. चूक माझीच. आपल्याकडे बिअर म्हणजे दात शिवशिवतील इतकी गार. तशी प्यायलो तर वास नाही, चव नाही, नुसतं कडसर पाणी. डिसेंबरात गच्चीवर ग्लास भरला आणि आईचा फोन आला. वीसेक मिनिटांनी घोट घेतला, तेव्हा कळलं आपण काय ओतून दिलं होतं.

ट्यूबलाइटसमोर धरली की ती काळी राहत नाही, खजुरासारखी लालसर दिसते. वास तव्यावर खरपूस झालेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा, मागून किंचित काकवीचा. काकवी घातलेली नसते बरं. जवाला मोड आणून तो जरा जास्त तापवून वाळवतात, तो म्युनिक माल्ट. भाकरीला ज्या प्रक्रियेने रंग येतो तीच इथेही. पुढे यीस्ट 10 अंशांच्या आसपास सावकाश काम करतं आणि बिअर काही आठवडे थंडीत मुरते. म्हणून इतका माल्ट असूनही घशाला चिकटत नाही.

वाईन शॉपवाला म्हणाला होता, "भाऊ, काळी हाये म्हंजे स्ट्राँगच असन." लेबलवर 5 टक्के! त्याच्याच फ्रिजमधली पिवळीधमक स्ट्राँग हिच्या कितीतरी पुढे. काळी आणि खरोखर जड हवी असेल तर डॉपेलबॉक शोधा, ती 7 च्या आसपास सुरू होते.

सावजीसोबत घेऊ नका. वाटलं होतं गोडसरपणा तर्रीला सावरेल, पण जिभेला आग लागल्यावर कसला माल्ट न् कसलं काय. भाजलेले शेंगदाणे, कोळशावरचं चिकन, झकास.

तक्रार एकच, पण मोठी. मे महिन्यात आणलेल्या दोन्ही बाटल्यांना ओल्या पुठ्ठ्याचा वास. खोकं बहुतेक दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला तापत पडलेलं. 45 अंशांत दुसरं काय होणार? बदलून मिळाल्या नाहीत, आणि एकीच्या पैशात साध्या दोन येतात. आता तारीख पाहून, फ्रिजमधलीच घेतो. उन्हाळ्यात घेतच नाही.

घरी आणल्यावर प्यायच्या आधी पंधरा मिनिटं ओट्यावर काढून ठेवा. परवा मित्र म्हणाला, "काहून बे, काढा पाजून राह्यला का?" आणि ग्लासात बर्फाचे दोन खडे टाकले. त्याला पुढच्या वेळी साधी.