बर्डीतलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान: वाल्व सेट असेल तर इथेच न्या

घरचा जुना मर्फी कंपनीचा वाल्व सेट, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा रेडिओ, मला शॉर्टवेव्हसकट (दूरची केंद्रं ऐकण्याचा पट्टा) चालू हवा होता. आधीच्या एका दुकानात "आत ब्लूटूथ टाकून देतो, पेटी छान दिसेल" असं ऐकून मी तसाच परत आलो. बर्डीतल्या काकांनी मात्र मागचं झाकण उघडलं आणि पहिला प्रश्न केला, "शॉर्टवेव्हवर ऐकायचं काय तुम्हाला?"

सांगितलं. मी इतिहास शिकवतो, आणि युद्धकाळातली चोरटी रेडिओ केंद्रं हा माझा जिव्हाळ्याचा विषय. 1942 साली उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांचा काँग्रेस रेडिओ मुंबईतून 42.34 मीटर लांबीच्या लहरीवर लागायचा. डायलवर त्या जागी कुठलंच नाव नाही. आकडा कानोकानी कळायचा आणि 41च्या खुणेपुढे काटा अगदी हळू सरकवावा लागायचा. मुलांना हे हाताने करू द्यायचं होतं.

सैनिकांसाठीची केंद्रं तर फारच विलक्षण. 1943पासून इंग्रजांनी 'सोल्डाटेनझेंडर कॅले' चालवलं. जर्मन फौजेला ते आपलंच वाटावं म्हणून गाणी, खेळांचे निकाल, खऱ्या बातम्या, आणि त्यातच बेमालूम मिसळलेल्या खोट्या. जानेवारी 1971मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, सायगावात एका अमेरिकी हवाईदलाच्या सैनिकाने 'डेव्ह रॅबिट' या नावाने 21 रात्री आपल्याच साथीदारांसाठी चोरून केंद्र चालवलं. मला जास्त भिडतं तेच: त्यामागे सरकार नव्हतं, सैनिकच सैनिकांशी बोलत होता.

काकांनी हे सगळं हातातलं काम थांबवून ऐकलं. गळके कंडेन्सर बदलले, डायलची दोरी नवी ओवली, गँग (केंद्र लावताना फिरणाऱ्या पात्यांचा भाग) आणि पट्टा बदलायचा बँड स्विच साफ केला. त्यानंतर सिग्नल जनरेटर, म्हणजे ठरावीक लहर सोडणारं यंत्र, लावून काटा आकड्यांशी जुळवला, म्हणजे 41 म्हटलं की 41च. ही मेहनत आता कोण घेतं? आवाजही भरदार झाला आहे, मागची घरघर गेली. एरिअलसाठी गच्चीवर लांब तार टाका आणि ऐकताना घरातले एलईडी दिवे बंद ठेवा, हा त्यांचा सल्ला अगदी खरा निघाला.

वेळ मात्र लागतो आणि तारीख ते देत नाहीत. वाल्व गेला असेल तर तो मिळेपर्यंत थांबावं लागेल. बदललेले जुने भाग मागा, ते पुडीत बांधून देतात. दुपारी दुकान बंद असतं, संध्याकाळी जा.