मागाहून काढलेले बाण : सिग्नल देणाऱ्या सॉफ्टवेअरनं काकांना कसं फसवलं

शेअर कधी घ्यायचा, कधी विकायचा हे चार्टवर बाण काढून सांगणाऱ्या बाय-सेल सिग्नलच्या सॉफ्टवेअरचा डेमो पाहून भारावून आलेल्या माणसाला मी आधी एकच विचारतो : बाण उमटताना पाहिलात, की उमटलेले बाण पाहिलेत? माझ्या काकांना फक्त उमटलेले बाण दाखवले होते. त्या भरवशावर त्यांनी 48,000 रुपये मोजले. सौद्यांत गेले ते वेगळेच.

काका एसटीतून निवृत्त झाले आणि नाशिकला राहतात. ओळखीच्या एकानं त्यांना मोफत सेमिनारला नेलं. तिथे पडद्यावर बँक निफ्टीचा, म्हणजे बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाचा, चार्ट होता, प्रत्येक शिखरावर लाल बाण, प्रत्येक तळाशी हिरवा. एकही चुकलेला नाही. "सर, तुम्ही काही शिकायची गरज नाही. हिरवा आला की घ्या, लाल आला की विका. नव्वद टक्के ॲक्युरसी." पैसे त्याच दिवशी घेतले आणि दुसऱ्या दिवशी एक मुलगा घरी येऊन काकांच्या लॅपटॉपवर सगळं बसवून गेला.

मग सुरू झाला रोजचा तोटा. हिरवा बाण यायचा तेव्हा भाव बराच वर गेलेला असायचा. काका घेणार आणि भाव खाली येऊन स्टॉपलॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून आधीच लावलेली विक्रीची ऑर्डर, लागणार. विकणाऱ्याला फोन केला की ठरलेलं उत्तर : "सर, तुमची एंट्री उशिरा होतेय. शिस्त पाळा." मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. पैसे घेतले ते घेतलेच, वर हयातभर वेळेवर ड्युटीला जाणाऱ्या माणसाला शिस्त नाही म्हणून पटवून दिलं. काकाही स्वतःलाच दोष देत बसले.

पण काकांना वहीत नोंदी ठेवायची जुनी सवय. बाण किती वाजता आला, तेव्हा भाव काय होता, सगळं पेननं लिहिलेलं. ती वही उघडून मी चार्टशेजारी ठेवली. वहीत होतं, "11.40, लाल". चार्टवर तोच लाल बाण 10.55 च्या कॅंडलवर (ठरावीक मिनिटांतला भाव दाखवणारी चार्टवरची कांडी), अगदी शिखरावर. पुढची नोंद पाहिली, तिथेही तसंच. काका उशीर करत नव्हते. बाणच उशिरा येत होता आणि मागे जाऊन बसत होता.

सॉफ्टवेअर म्हणून जे विकलं होतं ते आमीब्रोकर या चार्टच्या प्रोग्रॅममध्ये चालवलेली एक एएफएल फाइल होती, म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या भाषेत लिहिलेला फॉर्म्युला. सुदैवानं ती कुलूपबंद नव्हती. आत झिगझॅगचं, म्हणजे भावाची शिखरं आणि तळ रेषेनं जोडणारं, फंक्शन होतं, अर्ध्या टक्क्यावर लावलेलं. झिगझॅगला शिखर कधी कळतं? भाव तिथून ठरावीक टक्के खाली आल्यावर. समजा बँक निफ्टी 50,000 ला जाऊन वळला. अर्धा टक्का म्हणजे 250 अंक. तो 49,750 ला येईपर्यंत लाल बाणाचा पत्ता नसतो, आणि आला की चार्टवर 50,000 पाशी काढला जातो. दुसऱ्या दिवशी तो चार्ट पाहणाऱ्याला वाटतं, वा, नेमक्या टोकावर पकडलं! निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका लिहायची आणि पैकीच्या पैकी गुण मिरवायचे, असला हा प्रकार. बाजारात याला रिपेंट होणं म्हणतात.

आणि हे लपलेलंही नव्हतं. आमीब्रोकरमध्ये फॉर्म्युला तपासायची सोय आहे. ती चालवताच इशारा आला : हा फॉर्म्युला पुढच्या काळातल्या किमती वापरतो, बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर तपासताना, अफलातून निकाल मिळतील, पण प्रत्यक्ष सौद्यांत तसे मिळणार नाहीत. इशारा इंग्रजीत होता, अर्थ हाच. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी धोका सांगून ठेवला होता, विकणाऱ्यानं तो गिऱ्हाइकापर्यंत पोचू दिला नाही.

झिगझॅग मुळात वाईट नाही. झालेल्या चढउतारांचं मोजमाप करायला तो उपयोगीच आहे. त्याच्यावर सौदा करायला लावणं ही लबाडी. आरएसआय (भावाच्या चढउताराचा जोर मोजणारा आकडा) किंवा मूव्हिंग ॲव्हरेज (मागच्या काही भावांची सरासरी) सुद्धा कॅंडल बंद होईपर्यंत हलत राहतात, पण बंद झाल्यावर सहसा मागचं बदलत नाहीत.

चार्टला भाव पुरवणाऱ्या डेटाचीही तीच गत. कोपऱ्यातली कनेक्शनची चौकट मधूनमधून लाल व्हायची, म्हणजे भाव येणं थांबलेलं असायचं. बसवणाऱ्या मुलानं सांगितलं होतं, "तिकडे लक्ष देऊ नका, काका." त्यामुळे थांबलेल्या भावावरचा बाण पाहून काकांनी ऑर्डरी टाकल्या आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये रिलायन्सनं एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, दिला आणि 28 तारखेला भाव साहजिकच निम्म्यावर आला. काकांच्या डेटात जुने भाव त्यानुसार दुरुस्त केलेले नव्हते. चार्टवर शेअर एका दिवसात अर्धा कोसळलेला, आरएसआय तळाला, विक्रीचा भलामोठा इशारा. घाबरून त्यांचा मला फोन आला, "अरे, रिलायन्सला काय झालं?" काहीच झालं नव्हतं. शेअर दुप्पट झाले होते.

विकणाऱ्याकडे सेबीची, म्हणजे शेअरबाजाराच्या सरकारी नियामकाची, नोंदणी नव्हती. रिसर्च ॲनालिस्टचा, म्हणजे शेअर घ्या-विका असा सल्ला देणाऱ्याचा, नोंदणी क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर नावासकट पडताळता येतो. याच्या पावतीवर क्रमांकाच्या जागी "शैक्षणिक सॉफ्टवेअर व प्रशिक्षण" असं लिहिलेलं. रोज घ्या-विका असे कॉल द्यायचे आणि कागदावर शिकवणी दाखवायची. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीनं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या (शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरचे सौदे) 93 टक्के वैयक्तिक सौदेकऱ्यांना तोटा झाला. हा आकडा त्या सेमिनारमध्ये कुणी उच्चारला नाही.

तुमच्या घरात कुणी असं काही घेणार असेल, तर आधी बाजार चालू असताना समोर बसा. बाण आला की घड्याळासकट स्क्रीनशॉट घ्या आणि संध्याकाळी तोच चार्ट पुन्हा उघडा. बाण सरकला किंवा गायब झाला तर तिथेच उठा. विकणारा चालू बाजारात दाखवायला तयार नसेल, "सुट्टीच्या दिवशी या, निवांत दाखवतो" म्हणाला, तर तेवढंही थांबू नका. फाइल कुलूपबंद करून देत असेल तर आत काय आहे ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

पैसे गेलेच असतील तर पावती, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, बँकेची नोंद, काही पुसू नका. सेबीचं स्कोअर्स पोर्टल नोंदणीकृत मध्यस्थांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, म्हणून आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि काकांच्या वहीची पानं पुरावा म्हणून जोडली. ऑनलाइन पैसे पाठवून फसलेल्यांनी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, तिथे तासातासाला महत्त्व असतं. त्या माणसाचा फोन आता लागत नाही. सेमिनार मात्र दुसऱ्या गावांत चालूच आहेत, आणि पडद्यावर तोच चार्ट असतो.