एका नावाची दहा गावं: थेट लेख की निःसंदिग्धीकरण पान?

विकिपीडियावर पॅरिस टाकलं की फ्रान्सचंच उघडायला हवं, टेक्सासमधलं पॅरिस शोधणारे असे किती? तिथे साधं नाव मोठ्या शहराला द्यायचं, वर एक ओळ टाकायची की बाकीची इथे बघा, बास. पण स्प्रिंगफील्डला हे चालतच नाही, इलिनॉय, मिसुरी, मॅसॅच्युसेट्स, सगळीकडे आहे आणि कुणीच एवढं वरचढ नाही, तिथे निःसंदिग्धीकरण पानच बरं, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या गावांची नुसती यादी देणारं पान. एक क्लिक वाढतो खरा, पण चुकीच्या लिंका लगेच दिसतात, कारण त्या पानावर येणारी जवळपास प्रत्येक लिंक दुरुस्तच करायची असते. थेट लेखात मात्र सिंधमधल्या हैदराबादची लिंक गुपचूप तेलंगणातल्या हैदराबादवर जाऊन पडते आणि कुणाला पत्ताच लागत नाही. मी तर म्हणेन, शंका असली की पानच बनवा.