खारपाणपट्ट्यात दुहेरी कुंडी: एका उन्हाळ्याचा अनुभव

कुंडीत कुंडी आणि मधे ओली रेती, ही विजेशिवाय भाजी गार ठेवायची रचना आता सगळ्यांना पाठ आहे. रेती कोणती, झाकण कसलं यावर भरपूर सल्ले मिळतात. पाणी कोणतं, हे कोणीच सांगत नाही. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे तिथे, सगळा खेळ पाण्याचाच आहे.

मार्चमध्ये फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीचा खर्च ऐकून मी कुंभाराकडून बिनरंगी कुंड्या आणल्या. एप्रिलभर मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी मान टाकणारा सांभार (कोथिंबीर) चार-पाच दिवस टवटवीत राहायचा, टमाटे आठवडा काढायचे. दूध, शिजवलेलं वरण, मटण यांना मात्र यात जागा नाही. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली तरी बाष्पीभवनाने तापमान फार तर २२ अंशांपर्यंत उतरतं, आणि या वस्तूंना ५ च्या आतबाहेर लागतं. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांना या कुंडीसाठी २००० सालचा रोलेक्स पुरस्कार मिळाला, तोही भाजीपाला टिकवण्यासाठीच.

मे महिन्यात, ऐन गरजेच्या वेळी, कुंडी थंड पडेना. रेती ओली, हवा कोरडी, तरी भाजी कोमेजलेली. बाहेरून हात फिरवला तर खापरावर पांढरा खरखरीत थर. कूलरच्या ताटीवर बोअरच्या पाण्याने बसतो तसाच.

हिशेब साधा आहे. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला २,००० मिलिग्रॅम असेल तर लिटरमागे दोन ग्रॅम. रोज तीन लिटर ओतलं की महिन्याला १८० ग्रॅम क्षार रेतीत आणि खापराच्या छिद्रांत. छिद्रं बुजली की पाझर बंद, आणि पाझर नाही तर गारवा नाही.

‘आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीत ओता, बचत होते’ असं जो तो सांगतो. या सल्ल्याची मला खरंच चीड येते. आरओने गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात. बोअरपेक्षाही ते वाईट. बचतीच्या नावाखाली कुंडी मारायची, एवढंच होतं.

मी रेती बदलली, बाहेरची कुंडी लिंबू पिळलेल्या पाण्यात भिजवून काथ्याने घासली आणि फक्त नळाला येणारं धरणाचं पाणी वापरलं. गारवा बराचसा परतला, एप्रिलइतका नाही.

जूनच्या मध्यापासून दमट हवेत काहीच उपयोग नाही, त्यामुळे कोकणातल्यांनी पैसे घालू नयेत. आमच्याकडे मात्र मी पुन्हा घेईन. सध्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी झाकणाच्या टाकीत साठवतोय. त्यात क्षार जवळपास नसतातच, आणि ते फुकट आहे.